एउलालियाची साक्ष

बावीस वर्षे एउलालिया चान हिने सांता रीताच्या चर्च-कचेरीत परक्यांच्या लग्नांचे कागद प्रेमाने पुढे सरकवले. बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा, भाषांतर सरकारमान्य हवे, आधी सरकारी नोंदणी, मग वेदी. तिच्या मेजावर कुणाचे लग्न अडले नव्हते. अडले ते फेर्मिन ऊकचे.

फेर्मिन तिच्याच गल्लीतला. अकरा वर्षे कॅनडात सफरचंदांच्या बागेत राबला आणि परतला तो सोलांजसह. ती तिथली विधवा, हसरी, मोकळी. एउलालिया त्याची वाट पाहत होती, हे देवाला ठाऊक होते, गावाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एकट्या फेर्मिनला.

काय सांगावी मत्सराची करणी? सोलांजचा दाखला सात महिन्यांचा निघाला. नवा आला, त्यावरचा शिक्का पुसट ठरला. पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याचे भाषांतर परत गेले. नियम सारे खरे, शब्द सारे गोड, आणि उरात निखारा. जपमाळेचा मणी पुढे सरके. मन मात्र सोलांजच्या हातातल्या फेर्मिनच्या हातापाशीच थांबे.

"लाला, अगं स्वर्गात जायलाही इतके कागद लागत नसतील," फेर्मिन म्हणाला. लहानपणापासून तो एउलालियाला लालाच म्हणे.

"तिथं तुला घेतंय कोण?"

सोलांजच्या या देशात राहण्याच्या परवान्याचे नऊ दिवस उरले. राहिला होता फक्त एक साक्षीदार, फेर्मिन लग्नाला मोकळा आहे अशी शपथ घेणारा. ठरलेला म्हातारा इस्पितळात पडला.

"तूच बस की," फादर आन्सेल्मो म्हणाले. "तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं?"

जोडपे अंगणात थांबले. शुभवर्तमानावर एउलालियाचा हात.

"फेर्मिननं पूर्वी कुणाला लग्नाचं वचन दिलं होतं?"

एक होकार, आणि कागद बिशपांकडे जाऊन महिनोन् महिने पडले असते. कॅनडाला जाताना फेर्मिनने आपला विणलेला झोपाळा तिच्याकडे ठेवायला दिला होता. 'सांभाळ' म्हणाला होता, एवढेच. त्या एका शब्दावर तिने अकरा वर्षांचा संसार मांडला होता. पण देवाच्या ग्रंथावर हात ठेवून त्याला वचन कसे म्हणावे?

"नाही, फादर. कुणालाच नाही."

तिने सही केली. निखारा विझला नव्हता. ती अंगणात आली. सोलांजने तिला मिठी मारली, ती तिने सोसली.

"सोमवारी लवकर नोंदणीला जा," एउलालिया फेर्मिनला म्हणाली. "आणि तुझा झोपाळा आजच घेऊन जा."