अण्णांच्या टेबलावरचा फोन

अण्णा गेले आणि त्यांच्या जागेवर त्यांची बायको लागली. ऑफिसात तिला सगळे वहिनी म्हणत. टेबल नवऱ्याचं, खुर्चीही तीच, एका बाजूला जरा कलणारी. नळजोडणीचे अर्ज तपासायचे, सही करायची, पुढे सरकवायचे. काम काही डोंगर उचलायचं नव्हतं आणि वहिनी ते मुकाट्यानं करायच्या. दिवसभर काय केलं असं घरी सासूबाईंनी विचारलं, तर त्यांना खरंच आठवायचं नाही. "दगड झालीय पोरगी. डोळ्यातून अजून टिपूस नाही," असं सासूबाई शेजारणीला सांगायच्या. वहिनींनी ते ऐकलं होतं. त्याचंही त्यांना काही वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्याच्यानं होत नव्हती. टेबलावरचा फोन. तो वाजला की त्या उगाच ड्रॉवर उघडून खोडरबर शोधायला लागायच्या. पलीकडून हटकून अण्णांची चौकशी होणार, आणि मग जे सांगावं लागेल ते त्यांनी आजवर कुणालाच स्वतःच्या तोंडानं सांगितलं नव्हतं. लोकांनीच एकमेकांना सांगितलं होतं. मग शेजारची टायपिस्ट हात लांब करून फोन घ्यायची. सगळे सांभाळून घेत होते हो. दया करायला कुणाचं काय जातं? उलट त्या निमित्तानं घटकाभर स्वतःचं काम टळतं.

शेवटी हेडक्लार्क स्टूल ओढून समोर बसले.

"वहिनी, राग मानू नका. तुम्हाला कायम करायचं की नाही, ते साहेबांनी मला विचारलंय. बाकी तक्रार नाही. पण या टेबलाला दिवसभर लोकांचे फोन येतात. तुम्ही ते घेतच नाही, तर मी कुठल्या तोंडानं हो सांगू?"

"घेईन," वहिनी म्हणाल्या.

घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं. लेक शाळेत, सासूबाई औषधांवर. नोकरी गेली तर कसं होणार, हा विचार त्यांनी केला, पण तोही दुसऱ्या कुणाच्या घराचा असल्यासारखा.

त्याच आठवड्यात टायपिस्ट रजेवर गेली आणि फोन वाजला. हेडक्लार्क चष्म्यावरून बघत होते. वहिनींनी उचलला.

"अण्णा आहे का? मी पाण्याच्या पंपावरचा मिस्त्री," आवाज मोकळा, हसरा होता. "लांब बदली झाली होती. आजच परत आलोय."

"ते बाहेर गेलेत," वहिनी म्हणाल्या. इतकी वर्षं घरचा फोन त्यांनी असाच घेतला होता. जीभ आपली सवयीनं बोलून गेली. "काही निरोप आहे का? आले की सांगते."

"पंपाशेजारच्या गल्लीतले अर्ज अडकलेत, तेवढे बघ म्हणावं. आणि संध्याकाळी थांब म्हणावं, बरोबरच जाऊ."

"सांगते."

त्यांनी फोन ठेवला तेव्हा खोलीत कुणी कागदही हलवत नव्हतं. आपण काय बोलून बसलो ते वहिनींना त्या शांततेतून कळलं.

हेडक्लार्क उठून जवळ आले. "राहू द्या वहिनी. मी सांगतो त्याला."

"नको. पंपावरचे मिस्त्री होते. तिथला नंबर द्या."

वहिनींनी तो हळूहळू फिरवला. पहिल्याच घंटेला मिस्त्रीनं उचलला.

"मी आत्ता बोलले ती. माझ्याकडून चुकीचं सांगितलं गेलं. अण्णा वारले. मार्चमध्ये. मी त्यांची बायको. हे टेबल आता माझ्याकडे आहे."

पलीकडे तो मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. वहिनींनी फोन कानाला घट्ट धरला. आपल्याला असं रडता येत असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याला पोटभर रडू दिलं.

"भाऊ," मग त्या म्हणाल्या, "ते गल्लीतले अर्ज कुणाकुणाचे, सांगा. लिहून घेते."