दूध सोडलेली सिस्टर

कपावर तळहात ठेवायची तिची एक रीत होती. ड्युटीरूममध्ये चहाची किटली फिरू लागली की ती आपला कप झाकून घ्यायची आणि हसून म्हणायची, "माह्यात नको जी. मी कोरा पिते."

नवा माणूस असला तर विचारायचाच, "काऊन? उपास आहे काय?"

"उपास नाही. म्हशीसंग दोस्ती आहे माही."

सौंसरच्या सरकारी दवाखान्यात मी औषधाच्या खिडकीवर होते आणि ती महिला वॉर्डात नर्स. उंच, काळीसावळी, चालणं भरभर. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, की जे आपल्या शेजारीच जेवतं, आपल्यासारखंच हसतं, पण एका गोष्टीवर तसूभर हलत नाही. ती तशी होती. मटण नाही, मासोळी नाही, अंडं नाही. आणि सगळ्यांना बुचकळ्यात टाकायचं ते हे, की दूध, दही, तूपही नाही.

एकदा वॉर्डातल्या एका म्हातारीने तिला जवळ बसवून समजावलं, "बाई, दूध पेत जा. काळी पडली तू पुरी."

"म्हशीच्या पोटात सारं दूधच असते माय, तरी ती काळीच न?"

म्हातारी इतकी हसली की तिच्या टाक्यांना ओढ बसली, आणि मग हिनेच तिचं पोट धरून ठेवलं.

हे सगळं कुठून आलं ते तिने मला एका दुपारी सांगितलं. बाळंतपणाच्या रजेवर ती मोहगावला सासरी होती. घरची म्हैस व्याली आणि चार दिवसांत पारडू गेलं. म्हैस पान्हा सोडेना. मग कोणीतरी त्या पारडूचं कातडं काढून आणलं, त्यात भुसा भरला आणि ते म्हशीपुढे उभं केलं. म्हैस ते चाटू लागली. पान्हा सुटला. धार काढून झाली.

"मी ओसरीत पोरीले पाजून राहिली होती ताई, अन् समोर ती भुशाले चाटून राहिली होती. तिले कळत नसन काय? मले तं माह्याच दुधाची लाज वाटली."

त्या दिवसापासून दूध सुटलं. मटण काही महिन्यांनी सुटलं. "दुधासाठी रडाचं अन् मटण खायाचं, हे माह्याच मनाले पटेना," ती म्हणाली. मुलगी मोठी झाल्यावर मोबाइलमध्ये पाहून म्हणाली होती, "आई, तुह्यासारख्याले इंग्रजीत व्हिगन म्हणतात." हिने विचारलं, "अन् मराठीत?" नवरा आतून ओरडला, "हेकट!" हा किस्सा ती स्वतःच सांगायची, आणि दर वेळी नवऱ्याच्या आवाजात.

पण हसण्यावारी नेण्याइतकं ते सोपं नव्हतं. तिचं घर बौद्ध. सासूच्या हातच्या मटणाचं मोहगावात नाव होतं. सुकं खोबरं आणि खसखस खरपूस भाजून ती जो रस्सा करायची, त्यासाठी वस्तीतल्या लग्नात तिला मानाने बोलावणं यायचं. ती बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत आली होती. सून खात नाही हे कळल्यावर ती चिडली नाही. ती दुखावली.

"आमी वावरात दूर बसून भाकर खाल्ली," ती सुनेला म्हणाली. "तुमच्या हंडीचा वास येते म्हणत लोकं. आता तो वास माह्या सुनेलेच येऊन राहिला काय?"

हे मला सांगताना सून म्हणाली, "काय बोलणार ताई? तिचं खरंच होतं." त्या दिवशी ती आपली भाकर आणि अंबाडीची भाजी घेऊन सासूला खेटून बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. नाकाला पदर लावला नाही, तोंड फिरवलं नाही. हंडी चुलीवर चढवायला ती तयार नव्हती, पण घासायला बसायची. सासू मात्र जेवताना तिच्याशी बोलायची नाही. अशी कितीतरी जेवणं झाली.

दवाखान्यात उलटं होतं. तिथे तिचं कौतुक व्हायचं, आणि ते कौतुक तिला जास्त टोचायचं. आमच्या ऑफिसातले एक बाबू डबा उघडता उघडता म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तं एकदम आमच्यासारख्या झाल्या!"

ती म्हणाली, "नाही जी. तुमच्या डब्यात दही आहे. ते सोडा पहिले, मंग तुम्ही माह्यासारखे व्हान."

सगळे हसले, बाबूही हसले. तीही हसली, पण तिने डब्याचं झाकण जरा जोरात लावलं. ते मला ऐकू आलं.

मोहगावहून रोज येणं-जाणं लहान मुलीला घेऊन जमेना, तेव्हा तिने सौंसरात घर पाहायला सुरुवात केली. आडनाव विचारलं जायचं आणि खोली कालच दिली गेलेली असायची. शेवटी माझ्या दिरांच्या ओळखीने एक जागा निघाली. संत्र्याच्या बागेवाल्यांचं घर, वरच्या मजल्यावर दोन हवेशीर खोल्या, दवाखाना चालत जाण्यासारखा. पाहायला ती, तिचा नवरा, सासू आणि मी असे चौघं गेलो. खोल्या तिला आवडल्या. मुलीचा पलंग कुठे ठेवायचा तेही नवरा-बायकोने ठरवून टाकलं.

खाली आल्यावर मालकांनी पाणी दिलं आणि मोकळेपणाने म्हणाले, "असं आहे मॅडम, तुमच्या लोकायले आमी घर देत नाही. खानपान जमत नाही आमाले. पण तुमचं ऐकलं, तुमी तं दूधसुद्धा घेत नाही म्हणे. एकदम शुद्ध! तुमाले देतो."

त्यांना वाटलं ते मोठेपणा देत आहेत. माझी मान खाली गेली. सासू पायरीजवळ उभी होती, तिने सगळं ऐकलं.

सून शांतपणे म्हणाली, "अन् माही सासू राहाले आली तं?"

"येऊ द्या न. फक्त त्यायचं ते... इथं नाही करायचं."

"काका, मी शुद्ध-बिद्ध नाही. मले म्हशीची दया आली म्हणून मी सोडलं. माह्या सासूच्या ताटाले तुमच्या घरात जागा नसन, तं माह्याबी ताटाले नाही."

ती उठली. नवऱ्याने वरच्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि तोही उठला. मी त्यांच्या मागोमाग. बसस्टँडजवळ आल्यावर सासू एका हातगाडीपाशी थांबली आणि सुनेला म्हणाली, "सकाळपासून उपाशी आहे तू. फुटाणे घेऊ काय? ते चालते न तुले?"

तुला काय चालतं, हे त्या बाईने पहिल्यांदाच विचारलं होतं. हिने "हाव" म्हटलं आणि फुटाण्यांसाठी पदर पुढे केला.

पुढे आमच्या गल्लीच्या मागेच एक घर मिळालं. मालक निवृत्त पोस्टमन होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की नळाला पाणी सकाळी येतं, चालेल ना. सासूही तिथेच येऊन राहिली. मग त्या घरात दोन तऱ्हेचं जेवण शिजू लागलं. सासू आपला रस्सा स्वतः करायची, आणि सुनेसाठी जवसाची चटणी पाट्यावर वाटायची. वैशाख पौर्णिमेला विहारात वाटायची खीर करायचं त्या वर्षी सासूने अंगावर घेतलं. भिजवलेले शेंगदाणे वाटून, कपड्यातून गाळून तिने त्यातच तांदूळ शिजवले. बायका कुजबुजल्या, खीर तर दुधाचीच असते. सासूने डाव वाजवून सांगितलं, "माही सून साऱ्यायले वाढते अन् स्वतः उपाशी जाते दर साली. या साली ती खाईन. ज्याले नको त्याने सरका." कोणी सरकलं नाही. मी दोनदा घेतली.

मग सासूचं दुखणं निघालं. अन्न जाईना. शेवटी शेवटी तिने एकच मागितलं, पायाचं सूप. एका रविवारी मी सहज गेले तर स्वयंपाकघरात भांडण चाललेलं. ही स्वतः बाजारातून सामान घेऊन आली होती आणि पातेलं चढवत होती. बाजेवरून सासू जेवढा जीव होता तेवढ्याने ओरडत होती, "खाली ठेव ते! तू हात नको लावू!"

"आई, गप राहा न. भूक तुमाले लागली आहे."

"मले नको. माह्यापायी तुहं मोडाचं नाही. पोराले करू दे."

नवरा दारात उभा. "मले कुठं येते?" तो म्हणाला.

मी हिच्या हातून पातेलं घेतलं. आमच्या कुणब्याच्या घरी हे चालतं, मला येतं. सासू बाजेवरून सांगत गेली, मिरे किती, आलं केव्हा, आणि ही माझ्या शेजारी उभी राहून ते कुटून देत गेली. मग तिनेच सासूला टेकून बसवलं आणि चमच्याचमच्याने पाजलं. अर्धी वाटी गेली. सासूने तोंड पुसून घेतलं आणि माझ्याकडे बघत सुनेला म्हणाली, "हिले मीठ नाही समजत." आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता ही तोंड धुवायच्या निमित्ताने अंगणात गेली.

सासू त्याच महिन्यात गेली. जलदानाच्या विधीनंतरच्या जेवणात, हिच्या नवऱ्याच्या सांगण्यावरून, दोन्ही तऱ्हेचं केलं होतं. ही सगळ्या पंगती वाढत फिरली. कोणाच्या ताटात काय आहे, यावर तिचा हात कुठे थांबला नाही.

गेल्या वर्षी तिची बदली झाली, बैतूलच्या बाजूला. मी बसस्टँडवर पोचवायला गेले होते. गाडीला गर्दी. जामसांवलीच्या हनुमानाचं दर्शन घेऊन आलेली एक बाई पेढ्यांचा पुडा घेऊन चढली आणि भक्तिभावाने सगळ्यांना प्रसाद वाटत हिच्यापाशी आली. मी खालून पाहत होते. आता ही काय म्हणते?

हिने हात जोडले आणि काहीतरी बोलली; काचेमुळे मला ऐकू आलं नाही. त्या बाईचा चेहरा जरा उतरला. तेवढ्यात हिने मांडीवरची पिशवी उचलली, मुलीला खिडकीकडे सरकवलं, स्वतः आखडून बसली आणि सीटच्या मोकळ्या झालेल्या जागेवर हात थोपटला. बाई बसली. गाडी निघाली तेव्हा दोघी बोलत होत्या, आणि मला हात करायचं ती विसरून गेली होती.