आळीचं दूध

पावसाळ्याचे दिवस, होड्या वर ओढलेल्या, ताजी मासळी नाही, आनि मागच्या घरची बाय बाळंतपनात गेली. पोर जगलं. तिची सासू त्याला फडक्यात गुंडाळून आमच्या ओट्यावर येऊन बसली. मागितलं काय नाही, नुसती बसली. पोर रडत होतं, ते ऐकूनच माझी चोळी भिजली. मी काय करनार. घेतलं.

माझा मुलगा तेव्हा नुकता बसायला लागलेला.

सगळी आळी म्हनाली, पुन्याचं काम केलंस गो. पन आमच्यात दूध यावं म्हनून बाळंतिनीला मुशीचं कालवन देतात, ती मुशी कुठून आनायची, दर्या खवळलेला. रेशनच्या तांदळाची पेज नि भाजलेला सुका बोंबील, एवढ्यावर दोघांना पाजायचं. थोडे दिवस निभलं, मग अंग आटायला लागलं. माझा ओढायचा, काय येत नाही म्हनून चावायचा, मग माझ्या तोंडाकडे बघायचा. त्याला खाली ठेवला की ते दुसरं रडायचं. मला एकच भीती, यातलं एक जानार, आनि ते माझं असेल.

माझी सासू म्हनाली, "परत दे त्याला. आळीनं चांगलं म्हटलं म्हनून आपलं पोर घालवशील?"

"आनि ते मेलं तर?"

"तुझ्यामुळं नाही मरनार."

मला पटलं ते. खरंच पटलं. त्याला उचलून निघाले, तर वाटेतच त्यानं छातीशी तोंड लावलं, चाचपडायला लागलं, माझे पायच उचलेनात. मागं माझा ओरडतोय. मी फिरले, माझ्यालाही दुसऱ्या कडेवर घेतलं नि पावसात समोरच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसले, ती म्हातारी बसली होती तशी.

समोरचीला पोरगी झालेली, दूध भरपूर. पन मेलेली आई पोराच्या मागं फिरते म्हनून तिनं पहिल्याच दिवशी दार लावून घेतलेलं.

"इथं काय बसलीस गो, भिजशील."

"माझं आटलंय."

"मी त्याला लावनार नाही, तेव्हाच सांगितलंय. माझ्या पोरीला काय झालं म्हंजे?"

"मला पन पोर आहे."

"मग तुला कोनी सांगितलं होतं पुन्यवान व्हायला?"

दोघं रडत होती, कोनाचा आवाज कुठला कळत नव्हतं. ती चौकटीला धरून उभी. मग खाली बसली नि हात पुढं केले.

"तुझा दे. तुझ्याला पाजते. तो नको."

मी माझा दिला. तो तिला असा चिकटला, घटाघटा गिळायचा आवाज यायला लागला, डोळे मिटलेले, एक हात तिच्या गळसरीत अडकलेला. माझ्याकडे बघितलं पन नाही. आत तिची पोरगी रडायला लागली.

"रोज नाही हां जमनार," ती म्हनाली.

"उद्या येते," मी म्हटलं, आनि मांडीवरच्याला लावलं. आलं थोडं. थोडंच.