मामांची आठवी वनस्पती

कोल्हापूर जिल्ह्यात असं एकही झुडूप उरलेलं नसेल, ज्याच्या पानाला माझ्या बायकोच्या मामांचे दात लागलेले नाहीत. शेळीसुद्धा काही पाल्यांना तोंड लावत नाही. मामांना असला भेदभाव मंजूर नाही. वारणेकडच्या एका फार्मसी कॉलेजात ते तीस वर्षं औषधी वनस्पती शिकवतात आणि रोज कोल्हापुराहून मोटारसायकलने जातात-येतात. रस्ता तासाभराचा. मामांना कधी दीड तास लागतो, कधी अडीच, कारण कोडोलीच्या अलीकडे कुणाच्या तरी बांधावर काहीतरी पिवळं फुललेलं दिसतं. मग गाडी रस्त्याकडेला, हेल्मेट डोक्यावर तसंच आणि मामा बांधावर उकिडवे बसून पान चावताहेत. शेताचा मालक काठी घेऊन धावत आला, तर त्याच्याच हातात दुसरं पान देऊन विचारणार, "पावणं, जरा चावून सांगा की, आधी कडू लागतंय का आधी तुरट?" आणि गंमत म्हणजे मालक काठी खाली ठेवून चावतो.

माझी त्यांची पहिली गाठ माझ्याच लग्नात पडली, आणि तीही ते जागेवर नसल्यामुळे. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू, मुलीच्या मागे मामा उभा असायचा तर तिथे कुणीच नाही. भटजी घसा खाकरून थांबले. सगळ्यांच्या माना वळल्या, तर मामा मांडवाच्या दारात स्टुलावर चढून तोरणाची पानं डोळ्यांशी धरून बघत होते. तिथून ते ओरडले, "आवो, ह्यो खरा अशोक न्हवं! ह्याचीच साल बाजारात खऱ्याच्या नावानं खपवत्यात!" तोरण बांधणारा बिचारा पांढराफटक पडला. माझी आई तेव्हापासून त्यांना जरा बिचकूनच होती. तिचं म्हणणं असं, की ज्या माणसाला अक्षता टाकायच्या वेळी पानं दिसतात, त्याच्या हातचा चहा पिताना माणसाने विचार करावा.

तिची शंका अगदीच चुकीची नव्हती. माझ्या मुलीच्या बारशाला मामांनी पंगत बसण्याआधी प्रत्येकाला एकेक हिरवं पान दिलं आणि "पचनाला चांगलं" म्हणून चावायला लावलं. बासुंदी वाढली गेली. पहिल्या घासाला माझ्या चुलत्यांनी आचाऱ्याला हाक मारली, "साखर इसरलास काय रं?" दुसऱ्याने मारली, तिसऱ्याने मारली. आचारी पातेल्यातली बासुंदी चाखतो, त्याला गोड लागते. पाहुणे चाखतात, त्यांना खडू खाल्ल्यासारखी लागते. आचारी रडायच्या बेताला आला तेव्हा मामा टाळ्या वाजवत उभे राहिले. ते पान गुडमारचं होतं. ते चावलं की जिभेला काही वेळ गोड कळतच नाही. "बगितलासा? साखर हाय, पर जिभेला पत्ता न्हाय! काय देवाची करणी हाय!" चाळीस माणसांची बासुंदी वाया घालवून इतका आनंदी झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

घरी मामींचे हाल विचारू नका. त्यांच्या पैठणीच्या घडीत पानं दाबून वाळत असतात, गादीखाली साली असतात आणि फ्रीजमध्ये हिरव्या-तपकिरी अर्कांच्या बाटल्या असतात. मामींनी वैतागून एकदा सगळ्याच बाटल्यांवर 'पिऊ नये' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यात कोकमाच्या सरबताचीही बाटली गेली आणि तेव्हापासून त्या घरी उन्हाळ्यात पाहुणा माठातल्या पाण्यावरच परत येतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो हे कळल्यापासून मामांनी मलाही कामाला जुंपलं आहे. खोडाची, पानांच्या शिरांची, देठावरच्या लवीची चित्रं मी त्यांच्यासाठी इतकी काढली आहेत, की मला स्वप्नातही शिराच दिसतात.

पण याच माणसाचा रविवार मी पाहिला आहे. रविवारी मामा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जातात आणि त्यांचे गोळ्यांचे डबे पलंगावर पालथे करतात. मुदत संपलेल्या वेगळ्या, दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी दिलेली एकच गोळी वेगळी. वाचता येत नाही त्यांच्या पाकिटांना दोरे बांधतात: पिवळा सकाळचा, निळा रात्रीचा. "आजी, निळा दोरा सकाळी सोडलासा तर माझ्याशी गाठ हाय," असा दम देतात आणि तिथेच बसून लाडू खातात. झाडावर जितका जीव, तितकाच माणसावर. फक्त माणसाला ते चावून बघत नाहीत, एवढाच फरक.

या सगळ्यामागे मामांचं एक स्वप्न होतं. तीस वर्षं दुसऱ्यांनी शोधलेल्या वनस्पती शिकवल्या, निवृत्तीआधी एक तरी आपण शोधावी. आणि ते स्वप्न गेल्या वर्षी माझ्या आईच्या गुडघ्यांतून उगवलं.

आईचे गुडघे पार गेले होते. पायऱ्या चढणं बंद, खाली बसणं बंद, अंबाबाईला चालत जाणं तर दोन वर्षं बंद. तिला शेजारणीने बाजारात पाल टाकून बसणाऱ्या एका माणसाचं चूर्ण आणून दिलं. म्हणे डोंगरातल्या जडीबुटीचं, दुसरं काही नाही. पंधरवड्यात आई उठली! पाट घेऊन खाली बसली, भाकऱ्या थापल्या आणि एका सकाळी मला न सांगता अंबाबाईला चालत जाऊन आली. दारातच ओरडली, "गेलते! आन् आलेबी!" घरात सण झाला. मामा धावत आले, चिमूटभर चूर्ण जिभेवर टाकलं, डोळे मिटले आणि टाळी वाजवली. "जावईबापू, ह्येच त्ये! तीस वरसं ह्येच धुंडतोय!"

पुढचा दीड महिना मामा जमिनीवर नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली चूर्ण बघून त्यांनी सात वनस्पती ओळखल्या. सुंठ, निर्गुडी अशा सगळ्या घरच्याच. त्या सात मिळूनही माणूस असा पळत नाही, म्हणजे आठवी कुणीतरी आहे. त्या आठवीसाठी त्यांनी पन्हाळ्याच्या कडा पालथ्या घातल्या. रोज संध्याकाळी फोन: "आज एक केसाळ पेशी गावलीया!" आईला ते आता फार आवडू लागले होते. तीही त्यांना सांगायची, "पावणं, माझ्यावर काय लिवायचं त्ये खुशाल लिवा." मामा तिच्याकडे कौतुकाने बघून म्हणायचे, "विहीणबाईंच्या तोंडावर कसं तेज आलंय बगा." आलंच होतं. गाल भरले होते, माझ्याही डोळ्यांना बरं वाटायचं.

मामांना त्यांच्या शोधनिबंधासाठी चूर्णाआधीची आई आणि आताची आई अशी दोन चित्रं हवी होती. आधीचं माझ्या वहीत होतं, नवीन एका दुपारी तिला खुर्चीत बसवून काढलं. दोन्ही चित्रं मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मामा वाकले. त्यांनी नव्या चित्रातल्या गोल चेहऱ्यावरून हळूच बोट फिरवलं आणि खाली बसले. "ह्ये तेज न्हाय ओ. ही सूज हाय," ते म्हणाले. "वर्गात दर वर्षी पहिल्या तासाला मीच सांगतो, गुण लई लवकर आला तर आधी गोळीची भेसळ तपासा. आन् मी दीड म्हैना पानं मोजत बसलो."

लगेच आम्ही कॉलेजात गेलो. मामांनी काचेच्या पट्टीवर शेजारी शेजारी दोन ठिपके दिले, एक चूर्णाचा, एक ओळखीच्या स्टिरॉइडच्या गोळीचा, आणि पट्टी द्रवात उभी केली. द्रव हळूहळू वर चढत होता. मला कळत होतं, की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा काही सापडू नये म्हणून प्रार्थना करतो आहे. पट्टी अतिनील दिव्याखाली धरली. हिरव्या उजेडात दोन काळे ठिपके, एकाच उंचीवर, म्हणजे औषध एकच. मोठ्या यंत्रावर खात्री करून घेतली, तिथेही स्टिरॉइडच निघालं. मामांची आठवी वनस्पती कुठल्याही डोंगरात उगवत नव्हती, ती कारखान्यातून येत होती. औषध खात्याला कळवलं, पण तोवर बाजारातली ती जागा रिकामी झाली होती.

आईला सांगायला मामा स्वतः आले. आईने ऐकलं आणि कडाडली, "मी चालतीया त्ये बगवंना व्हय तुमास्नी? दोन वरसांनी देवीचं तोंड बगितलं मी!" मामांनी मान खाली घातली. "बोला विहीणबाई, बोला. मला आधीच कळायला पायजे हुतं. माझ्या हावेपायी तुमी दीड म्हैना जास्त खाल्लं." मग त्यांनी तिला समजावलं, की हे औषध साखर वाढवतं, हाडं पोखरतं, आणि इतके दिवस घेतल्यावर एकदम सोडलं तर जिवावर बेततं. आमच्या डॉक्टरांनी हिशेबाची गोळी देऊन ती हळूहळू कमी करायचं ठरवलं. आणि मामा रोज सकाळी कॉलेजला जाताना आमच्याकडे यायला लागले: रक्तदाब, साखर, गोळीचा तुकडा आणि पिवळा दोरा. अडीच महिने एक दिवस चुकवला नाही. रस्त्यातल्या एकाही बांधावर ते या दिवसांत उतरले नाहीत, असं मामी म्हणाल्या.

आईच्या चेहऱ्याची सूज उतरली, गुडघे पुन्हा धरले. आता ती व्यायाम करते, काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जाते आणि अंबाबाईला रिक्षाने जाते. मामांशी महिनाभर तिने तुटकच बोलणं ठेवलं होतं. शेवटची गोळी झाली त्या सकाळी मामा यंत्र पिशवीत भरत होते. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "पावणं, तुमचं त्ये झाड?"

"न्हाय गावलं."

"रिटायर कवा होताय?"

"औंदा मार्चला."

आईने दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाली, "मग काय, वेळच वेळ हाय की. गावलं की पयलं मलाच आणा. तपासून आणा."

मामांनी बशीत चहा ओतला, दोन घोटांत संपवला आणि हेल्मेट डोक्यावर चढवून ते बांधांच्या रस्त्याला लागले.