झाडावरून सांगितलेला भाव

कागदावर त्याचं नाव काही का असेना, सगळे त्याला हुप्प्याच म्हणतात. साठ फुटांच्या झाडावर तो असा चढतो की खालून बघणाऱ्याची मान अवघडते, पण गड्याला दम लागत नाही. धंदा झाडं छाटायचा, वेळ आली तर पाडायचाही. मालक तोच, ड्रायव्हर तोच, करवतीला धार लावणाराही तोच. हाताखाली एकच माणूस, बायकोचा भाऊ. हा मेव्हणा खाली उभा राहून दोर सांभाळतो आणि तोंड चालवतो. दोन्ही कामांत तरबेज.

हुप्प्याच्या हातात खोट नव्हती. जड फांदी कापायची तर आधी खालून चीर, मग वरून काप, म्हणजे पडताना ती खोडाची साल ओरबाडून नेत नाही. फांदी खोडाला मिळते तिथे गळपट्टीसारखा फुगवटा असतो, तो राखून कापायचं. झाड तिथूनच जखम भरून काढतं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

खोट होती ती भाव सांगण्यात. झाड बघायला गेला की हा आधी वर चढायचा. वर वारा लागला, गावभर छपरं दिसली की गडी खुशीत यायचा. तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडायचं, ‘‘किती होतील?’’ आणि हा फांदीवर बसल्या बसल्या आकडा फेकायचा. वरून सगळंच सोपं दिसतं. गाडीभर पाला मूठभर वाटतो, गिऱ्हाईक बोटाएवढं वाटतं आणि आपण राजे. मग तो राजा खाली उतरून रात्री आठपर्यंत फांद्या ओढत बसायचा.

अशी नऊ वर्षं गेली. कामाला तोटा नव्हता. पहाटे घर सोडायचं, अंधार पडल्यावर यायचं आणि ताटावर बसून पेंगायचं. तरी महिनाअखेरीला खिशात हात घातला तर बोटं आरपार. त्यात गाडीचा गिअरबॉक्स गेला. मेकॅनिकने खर्च सांगितला तेव्हा हुप्प्या गाडीकडे न बघता मेकॅनिकच्याच तोंडाकडे बघत राहिला.

ही बातमी ठेकेदाराला लागली. त्याच्याकडे वीस माणसं, चार गाड्या, फांद्यांचा भुगा करायचं यंत्र. तो म्हणाला, ‘‘गाडी, दोर, करवती, सगळं मी घेतो. तू माझ्याकडे पगारावर ये. कशाला डोक्याला ताप?’’

हुप्प्याने महिन्याची मुदत मागितली. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शिवणकाम करायची. तिने मशीन थांबवलं नाही.

‘‘जायचं तर जा. पण धंदा कशाने बुडतोय ते कळल्याशिवाय गेलात, तर तिथेही बुडवाल.’’

‘‘अगं, कामं तर भरपूर आहेत.’’

‘‘तेच तर. या आठवड्यात झाडावर किती तास होतात आणि जमिनीवर किती, तेवढं रोज मला सांगा.’’

कापडावर खुणा करायच्या खडूने तिने कपाटाच्या दाराला आतून रेघा मारल्या. शनिवारी मोजलं. झाडावर अकरा तास. जमिनीवर बावन्न. फांद्या ओढणं, गाडी बंद म्हणून भाड्याने आणलेला टेम्पो भरणं, कचरा टाकायला रांगेत थांबणं, करवतीच्या साखळीचा एकेक दात कानशीने घासणं, नुसती झाडं बघायला हिंडणं.

‘‘आणि पैसे कशाचे लावता?’’

‘‘वरच्या कामाचे,’’ हुप्प्या म्हणाला. ‘‘खरं काम तेच ना!’’

‘‘मी पँट शिवते तेव्हा फक्त मशीन चालतं तेवढ्याचेच पैसे घेते का? माप घेणं, कापणं, उसवणं, इस्त्री... ते काय माझे सासरे येऊन करतात?’’

मग तिने पेट्रोल, तेल, विमा, टेम्पोचं भाडं, कचरा टाकायची पावती, तीन वर्षांनी बदलावा लागणारा दोर, मेव्हण्याची मजुरी असं एकेक वजा केलं. उरलेल्याला तासांनी भागलं. हुप्प्याची कमाई तासाला मेव्हण्यापेक्षा कमी निघाली.

मेव्हणा जेवत होता. तो घास खाली ठेवून म्हणाला, ‘‘दाजी, उद्यापासून खाली दोर तुम्ही धरा. मी मालक.’’

हुप्प्यालाही हसू आलं, पण रात्रभर अकरा आणि बावन्न हे दोन आकडे डोक्यात करवतीसारखे घुमत राहिले.

सकाळी बायकोने नेम घालून दिला. वरून भाव सांगायचा नाही. खाली उतरायचं, घरी यायचं, दोघांनी हिशेब करायचा, दुसऱ्या दिवशी कागदावर द्यायचा. आणि एकदा दिला की त्यातला पैसा सोडायचा नाही. घोडा गवताशी दोस्ती करायला लागला तर खाणार काय?

पहिलं गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई. कागद बघून त्या म्हणाल्या, ‘‘अहो, मागच्या वेळी याच्या निम्मे घेतले होते!’’

‘‘मागच्या वेळी मला मोजता येत नव्हतं,’’ हुप्प्या म्हणाला. बाईंनी फाटक लावून घेतलं. दुसरं गिऱ्हाईकही तसंच गेलं. महिना संपायला सहा दिवस उरले. मेव्हण्याची वटवट बंद झाली, तेव्हा हुप्प्याला जरा धडकी भरली.

मग शाळेचं बोलावणं आलं. सुट्टीत पटांगणातल्या सात निलगिऱ्या छाटायच्या होत्या. ठेकेदारानेही आकडा दिला होता, चाळीस हजार. हुप्प्या चढला. सवयीप्रमाणे वारा लागला, छपरं दिसली. खालून शाळेचे सचिव ओरडले, ‘‘काय, किती?’’

हुप्प्याने दात आवळले आणि पुढच्या फांदीवर सरकला.

‘‘ऐकू येत नाही का हो त्यांना?’’ सचिवांनी मेव्हण्याला विचारलं.

‘‘ऐकू येतंय साहेब. घरून बंदी आहे.’’

सातही झाडांवर तो चढून आला. खाली येऊन प्रत्येक बुंध्यावर लाकडी हातोडा वाजवला. बाकाजवळच्या झाडाचा आवाज पोकळ आला. तिथे तो बराच वेळ उकिडवा बसला.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन गेला. मुख्याध्यापिका आणि सचिव समोर बसले होते. सचिवांनी आकडा वाचला. ‘‘अठ्ठावन्न! ठेकेदारापेक्षा अठरा जास्त? त्याच्याइतकं करा, काम तुमचं.’’

अठरा सोडले की गाडी दुरुस्त होणार नव्हती. नाही म्हटलं तर सोमवारी ठेकेदाराच्या दारात उभं राहायचं होतं. हुप्प्याने खुर्ची पुढे ओढली.

‘‘साहेब, काम कमी करता येईल, भाव नाही. आणि कमी करता येण्यासारखं होतं ते मीच केलंय. दोन झाडांना हात लावायची गरज नाही, ती धडधाकट आहेत. चारांची नुसती वाळकी लाकडं काढायची. बाकाजवळचं मात्र बुडापासून पोखरलंय. ते पाडायचं. आज पडेल की पाच वर्षांनी, ते मला सांगता येत नाही. पण पोरं तिथेच बसतात.’’

मुख्याध्यापिकांनी विचारलं, ‘‘ठेकेदार काय करणार होता?’’

‘‘सातांचे शेंडे उडवणार,’’ सचिव म्हणाले.

‘‘शेंडा उडवला की तिथून बोटभर कोंब फुटतात, बाई. जोमाने वाढतात, पण धरून असतात ते नुसते वरवर. चार वर्षांत तेच वाऱ्याने खाली येतात. मग पुन्हा चाळीस. आणि पोखरलेलं झाड शेंड्याविना तसंच उभं.’’

‘‘तो झाडावर चढला होता का?’’ बाईंनी सचिवांना विचारलं.

सचिवांनी किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. ‘‘गाडीतून बघितलं त्याने. काच खाली केली होती.’’

बाईंनी कागदावर सही केली. निम्मी रक्कम आगाऊ द्यायला सांगितली. हुप्प्या उठता उठता म्हणाला, ‘‘काम आठ ते चार चालेल. चारनंतर हात थकतो, आणि थकलेल्या हातात करवत मी देत नाही.’’

फाटकाबाहेर येऊन त्याने ठेकेदाराला फोन लावला. ‘‘गाडी विकायची नाही. पण तुमचं भुग्याचं यंत्र दोन दिवस भाड्याने द्याल का?’’

ठेकेदार खदखदून हसला. ‘‘लेका, माझं काम मारून माझंच यंत्र मागतोस?’’

‘‘भाडं सांगा. घासाघीस करणार नाही.’’

‘‘दिलं,’’ ठेकेदार म्हणाला.

गाडी गॅरेजमधून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाकाजवळचं झाड उतरवलं. वरून तुकडे तुकडे करत, एकेक दोराने खाली सोडत. शेवटी बुंधा कापला तर आत नुसता भुसा. सचिवांनी बाही वर करून पोकळीत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. हात झटकून ते बाजूला झाले. अठराचं नाव पुन्हा निघालं नाही.

चार वाजता हुप्प्याने कमरेचे पट्टे सोडले. सचिव म्हणाले, ‘‘अहो, अजून दोन तास उजेड आहे!’’

‘‘आहे ना,’’ हुप्प्या म्हणाला आणि गाडीत बसला.

तो घरी आला तेव्हा खिडकीतून ऊन थेट मशीनवर पडलं होतं. बायकोने मान वर केली आणि सुई हातात तशीच धरून दचकून उभी राहिली.

‘‘पडलात की काय?’’

‘‘नाही. सुट्टी झाली.’’

तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. हातपाय जागच्या जागी आहेत याची खात्री केली आणि सुई पुढे केली.

‘‘मग उभे काय राहिलात? दोरा ओवून द्या.’’