एका उघाडीचे दोन वाटेकरी

तर काल गोष्ट आली होती ती इथवर, की नाथा झोपडीतून धडपडत उठला, त्यानं खाडीकडं न बघताच उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी ओढली, आणि भरती आत घ्यायच्याऐवजी मिठागरातलं पिकत आलेलं पाणी ओहोटीबरोबर खाडीत सोडून दिलं.

कोलशेतचा माणूस, बापापासून उघाडी राखणारा, त्याला ओहोटी कळू नये? कळत होती हो. पण भरती रोज थोडी पुढं सरकते, आणि राखणाऱ्याची झोप तिच्यामागं फरफटते. म्हणून तर एका उघाडीला दोन वाटेकरी. एक पाणी, म्हणजे एक भरती, याची, पुढची त्याची. नाथाचा वाटेकरी म्हणजे त्याच्या बायकोचा, रंगूबाईचा, भाऊ दगडू. दाजींना रात्र मानवते, असं गोड बोलून त्यानं रात्रीची सगळी पाणी नाथाच्या गळ्यात घातली. मेव्हण्यानं कौतुक केलं म्हणून नाथाही फुगला.

मग अन्न अंगी लागेना. दिवसा डोळा लागायचा तोसुद्धा एक कान उघडा ठेवून. पुतणीच्या लग्नात तर गडी अंतरपाट धरून उभ्याउभ्या घोरला. मंगलाष्टकं संपली तरी अंतरपाट खाली येईना. मांडव हसून लोळला, दगडू सगळ्यांत जास्त.

मिठागरातलं पाणी खाडीत गेलं त्या दिवशी दुपारची पाळी दगडूची. पण त्याच्या सासुरवाडीला कोंबडं कापलं होतं. एवढं एक पाणी बघा, म्हणाला आणि गेला. रात्रभर जागलेला नाथा जरा पाठ टेकायला म्हणून पडला, तो उठेपर्यंत पाणी फिरून ओहोटी लागलेली.

मिठागराच्या मालकानं सगळ्यांना बांधावर बोलावलं. बापाची उघाडी जाते की राहते, एवढाच सवाल होता, पण नाथा निर्धास्त. दगडू आहे ना खरं सांगायला. दगडू पुढं झाला आणि म्हणाला, मी उघाडीवरच होतो, दाजींनी ताडीच्या तारेत मला हाकललं. लग्नातली ती झोपही ताडीचीच. नाथा ताडीला शिवत नाही हे रंगूबाईला ठाऊक. ती तोंडाला पदर लावून भावाकडं बघत राहिली.

मालकानं उघाडी तिथल्या तिथं एकट्या दगडूला दिली.

"घरी जा, दाजी," दगडू म्हणाला. "आता पोटभर झोपा."

नाथा म्हणाला, "पोटभर झोप येत नाय मना, दगडू, कवापासून येत नाय. उघाडी घे तू. पन त्या दिसाचं पानी कुनाच्या वाट्याचं व्हतं, त्ये तुज्या भयनीला सांगून जा."