लाल दिवा लागलेला असताना

घरी कपाट जरासं हलवायचं म्हटलं तरी बायको भिंतमामांना सतरा सूचना द्यायची. कामावर मात्र मामा अख्ख्या भिंती हलवत. आधी ते नाटकांचे सेट उभारणारे सुतार होते, उतारवयात या इमारतीत आले. एकाच मजल्यावर वर्तमानपत्र, टीव्हीची वाहिनी आणि वस्तीचं छोटं रेडिओ केंद्र अशी तीन बिऱ्हाडं. भिंती रुळांवर. ज्याला ज्या दिवशी जास्त जागा हवी, त्याला ती द्यायची, ही वास्तुकाराची कल्पना. कल्पना झकास, घाम मामांचा. ‘मामा, जरा सरकवा’ ऐकून त्यांचे कान किटले होते.

सरकवासरकवीत जागा नेहमी रेडिओचीच जायची. तिथे बातम्या वाचायच्या मामांच्या थोरल्या वहिनी. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. “माईक मावतो ना भाऊजी, मग मीही मावते,” म्हणायच्या. बाहेरची वस्तीही अशीच आकसत चालली होती. जुनी घरं पाडून उंच इमारती उठत होत्या आणि खिडकीखाली खणलेला खड्डा बघवत नसे. त्याच्या काठावर एकच गल्ली उरली होती. मामांची लेक तिथे राहायची.

त्या सकाळी खड्ड्यालगतच्या जुन्या गोदामाला तडा गेला. गोदाम गल्लीवर झुकलं होतं, घरं ताबडतोब रिकामी करायला हवी होती. पण ‘घर सोडा’ सांगायला रोजच कुणी ना कुणी यायचं, त्यामुळे गल्ली कुणालाच भीक घालत नसे. विश्वास फक्त वहिनींच्या आवाजावर, म्हणून इशारा त्यांनीच रेडिओवर वाचायचा ठरला.

“लेकीला फोन करा,” वहिनी आत जाताना म्हणाल्या.

“कशाला? ती तुमचंच लावून बसलेली असते. बापाचं ऐकते होय ती? तुम्ही म्हणालात की झटक्यात निघेल.”

वहिनी हसल्या नाहीत. दार लागलं, वर लाल दिवा लागला.

लाल दिवा म्हणजे मामांचा देव. पूर्वी एकाने दिवा असताना दार उघडलं आणि सगळ्या वस्तीला रेडिओवर हातोड्याचे ठोके ऐकू गेले. तेव्हापासून मामांचा कडक नियम: दिवा लागला की दाराला हात नाही, खोकायचंसुद्धा नाही. साहेबलोकही त्यांना टरकून असत. मामा भिंतीला टेकून गप्प उभे राहिले आणि खिडकीतून गल्लीकडे बघू लागले.

कुणीच निघेना. दोरीवरचे कपडे तसेच. लेक दारात उभी राहून शेजारणीला गोदामाचा तडा दाखवत होती. मामांनी खिशातला रेडिओ कानाला लावला. गाणी चालू होती.

माईकची वायर निघाली की केंद्रातून आपोआप गाणी लागत. सकाळीच मामांनी ती वायर काढून रेडिओची भिंत आत घेतली होती. वायर परत जोडणार तोच वर्तमानपत्रवाल्यांनी हाक मारली आणि ते उठून गेले. दिव्याची वायर वेगळी, म्हणून दिवा लागला. आत वहिनी जीव तोडून वाचत होत्या आणि ऐकायला चिटपाखरू नव्हतं.

दारावर नुसती थाप मारली असती, तर वहिनींनी पहिल्यापासून वाचलं असतं. मामांचा हात दारापर्यंत गेलाही. पण दिवा लाल होता. हात मागे आला. ते गुडघ्यांवर बसले, जमिनीतली फळी उचकटली आणि वायर जोडली.

कानात गाणं थांबलं. वहिनींचा आवाज आला, स्वच्छ, शांत.

“...बाकी वस्तीत पाणी नेहमीच्या वेळी येईल. काळजीचं काही कारण नाही. नमस्कार.”

खाली लेकीने मान हलवली, शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी आपापल्या घरात गेल्या. मामांनी फोन लावला. वाजत राहिला. ते खिडकीवर मुठी आपटू लागले, तिचं नाव घेऊन ओरडू लागले. काच जाड होती, रेडिओसाठी मुद्दाम बसवलेली, न उघडणारी.

दिवा विझला. वहिनी पदराने घाम टिपत बाहेर आल्या.

“निघाली ना हो ती?”

मामांच्या मुठी काचेवरच होत्या. वहिनी त्यांच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. गल्लीच्या जागी धुळीचा लोट उठत होता. आवाज काहीच आला नाही.